वडनेरे अण्णांनी पास केलेले बूट

वडनेरे अण्णा माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी पाय बघतात. पायावरून माणूस ओळखतात, आणि गरज वाटलीच तर मान वर करतात. अशी गरज त्यांना वर्षातून तीन-चारदा वाटत असावी. आमच्या कॉलनीतले जोशी गेले तेव्हा आम्ही सगळे खाली माना घालून उभे होतो. अण्णा पायांच्या बाजूला उभे होते. बराच वेळ निरखून झाल्यावर ते माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, "साडेसात. आणि आयुष्यभर याला सातचा बूट घालायला लावला घरच्यांनी." पुढे खांदा देताना माझे पाय लटपटत होते, ते काही दुःखानं नव्हे. अण्णा माझ्या मागून चालत होते आणि माझ्या टाचा त्यांना दिसत होत्या.

अण्णा ओझरला विमानाच्या कारखान्यात इन्स्पेक्टर. सकाळी साडेसहाच्या कंपनीच्या बसनं जायचं, तयार झालेला एकेक सुटा भाग हातात घ्यायचा, मापाला लावायचा आणि नापास करायचा, हा त्यांचा धंदा. पास करणं हे त्यांच्या मते आळशी माणसाचं काम. नापास मालाला बांधायच्या लाल चिठ्ठ्या त्यांच्या खिशात घरीसुद्धा असत. एका लग्नात त्यांनी जिलबीला लाल चिठ्ठी बांधली होती असं सांगतात. मी तिथे नव्हतो, तेव्हा पैजेवर सांगणार नाही. पण मठ्ठ्याच्या पातेल्याला बांधलेली चिठ्ठी मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

विमानं नापास करून उरलेला सगळा वेळ अण्णांनी पादत्राणांना दिला होता. "नंबर हा कारखान्याचा, पाय हा देवाचा," ते म्हणायचे. "दोघांची कधी गाठ घालून दिलीय कुणी?" कॉलनीत त्यांची अशी दहशत होती की नवी चप्पल घेतलेली बाई त्यांच्या दारावरून जाताना ती पिशवीत घालून अनवाणी जायची. पुरुषमंडळी पाण्याच्या टाकीमागून वळसा मारायची. मेनरोडवरचा एक चप्पलवाला अण्णांना लांबून येताना पाहिलं की भर दुपारी शटर ओढून आत श्वास रोखून बसायचा, असं त्यानंच मला सांगितलंय. शटरच्या फटीतून, अर्थात.

या माणसाच्या तावडीत मी आपण होऊन सापडलो, त्याला कारण आमचे भालेराव सर.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या कॉलनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून जानेवारीत कार्यक्रम ठरला, आणि शाळेत इतिहास शिकवणाऱ्या भालेराव सरांनी त्यासाठी 'बुरुजाची शपथ' नावाचं नाटक लिहिलं. तीन अंक, अकरा मरणं. त्यात एक इंग्रज कॅप्टन होता. कॉलनीत गोरा म्हणावा असा मी एकटाच, तोही कावीळ होऊन गेल्यापासून. त्यामुळे कॅप्टन माझ्या गळ्यात पडला.

संवादांची मला भीती नव्हती. भीती होती ती बुरुजाची. चार टेबलं, त्यांच्यावर दोन टेबलं, त्यांच्यावर एक स्टूल, आणि सगळ्याला मातकट रंगाचं कापड. प्रेक्षकांतून पाहिलं तर सात फूट. वरून पाहिलं तर कळसूबाई. तिसऱ्या अंकात कॅप्टननं या बुरुजावरून बांबूच्या शिडीनं, उपसलेली तलवार हातात घेऊन, ऐटीत खाली उतरायचं होतं. मी पंखा पुसायला स्टुलावर चढलो तरी माझी बायको खाली शेजाऱ्यांना बोलावून ठेवते.

त्यात ते बूट. भद्रकालीतल्या ड्रेपरीवाल्याकडून कॅप्टनचे गुडघ्यापर्यंतचे काळे बूट आले. दोन्ही तळव्यांवर खडूनं नऊ लिहिलेलं. डाव्याचा नऊ म्हणजे अकरा होता आणि उजव्याचा नऊ म्हणजे सात. तो जोड नव्हता, सोयरीक होती, आणि तीही मोडत आलेली. त्या बुटांत आजवर कुणी फौजदार केला होता, कुणी यम केला होता, आणि प्रत्येकानं जाताना आपल्या बोटांची टेंगळं आत ठेवली होती. मी तक्रार घेऊन गेलो, तर ड्रेपरीवाला म्हणाला, "नंबर काय बघता साहेब? स्टेजवर कोण नंबर बघतं? सैल असेल तिथे कापूस भरा, घट्ट असेल तिथे मन घट्ट करा."

मी दोन्ही केलं. तालमीत तिसऱ्या पायरीवरून पडलो. भालेराव सर वहीतून मान वर न काढता म्हणाले, "मधू, तू मरतोस ते शेवटच्या प्रवेशात. आत्ता नाही." मग जरा विचार करून त्यांनी घाबरत घाबरत अण्णांचं नाव घेतलं.

मी बूट घेऊन अण्णांकडे गेलो तेव्हा वडनेरे काकू नेहमीसारख्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर गोधडी, हातात कसली तरी भाजी. "अहो, मधुकर आलाय, चहा ठेवा," त्यांनी हुकूम सोडला, आणि ओझरचा वाघ मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेला. काकूंना अलीकडे मी कधी उभं राहिलेलं पाहिलंच नव्हतं. झाडू, पाणी, कपडे, सगळं अण्णा करायचे. आम्ही पाण्याच्या टाकीमागे जमलो की यावर मनसोक्त हसायचो.

चहा झाल्यावर अण्णांनी बूट उलटा केला, तळव्यावरचा नऊ वाचला, बोट ओलं केलं आणि तो आकडा पुसून टाकला.

"संपला नंबर," ते म्हणाले. "आता बोलू."

पुढचे बारा दिवस मी जे भोगलं ते इंग्रजांनीसुद्धा या देशात भोगलं नसेल. सकाळी माप घ्यायचं नाही, कारण अण्णांच्या मते सकाळचा पाय खोटं बोलतो. नाशकाच्या थंडीत तर तो अर्ध्या नंबरानं आक्रसतो. तेव्हा संध्याकाळी पाच वाजता, दोन्ही खांद्यांवर गव्हाची पाच-पाच किलोची पिशवी घेऊन मी गावातल्या द्वारका चौकापर्यंत चालत जायचं आणि यायचं. कॅप्टनचा कोट आणि तलवार जमेस धरली पाहिजे ना. परत आलो की पाय लगेच बादलीत. काठोकाठ भरलेली बादली परातीत ठेवलेली, पाय गुडघ्यापर्यंत बुडवला की जेवढं पाणी सांडेल तेवढा माझा पाय. ते पाणी अण्णा काकूंच्या दुधाच्या मापानं मोजायचे. मग बुटांत बाजरी भरायची आणि तीही त्याच मापानं मोजायची. निकाल असा लागला: माझा पाय सव्वातीन लिटर, डावा बूट साडेचार लिटर, उजवा बूट पावणेतीन. "यात तू शिडी उतरणार होतास?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज असा कापला की त्या दिवसापासून मला झोपेतही शिडी दिसू लागली.

उजवा बूट घोट्याखाली त्यांनी रद्दच केला. रविवारी देवळाली कॅम्पच्या बाजारात गेले, लष्करातल्या जुन्या बुटांच्या ढिगासमोर बैठक मारली आणि संध्याकाळपर्यंत ढीग उपसून एकुलता एक उजवा बूट घेऊन आले. नाटकातल्या बुटाची नळी त्याला शिवली. तरी वरच्या बाजूला कातडं आवळत होतं. मग त्यात भिजवलेले हरभरे ठासून भरले, तोंड सुतळीनं बांधलं आणि बूट बंबाशेजारी ठेवला. हरभरा फुगतो, कातडं ताणलं जातं, अशी ती विद्या. फक्त मधे ओझरला दोन दिवस ओव्हरटाइम लागला आणि बूट सोडायचा राहिला. तिसऱ्या दिवशी सुतळी सोडली तर आत बोटभर लांबीचे मोड. त्या रात्री काकूंनी मला जेवून जा म्हणून फार आग्रह केला. उसळ होती. मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

आणि या सगळ्यात अण्णांचा तो प्रश्न. बूट घालून मी उभा राहिलो की ते खाली बसून प्रत्येक जागेवर बोटानं दाबत विचारायचे, "इथे लागतंय का? इथे?" एक मजा माझ्या लक्षात आली. "लागतंय" म्हटलं की अण्णांचा चेहरा उजळायचा. "नाही" म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर अशी भीती उतरायची की मी काही तरी गुन्हा केलाय असं मलाच वाटायचं.

"ओरडणारा पाय लय चांगला, मधू," ते म्हणायचे. "गप्प पाय वाईट."

चार वेळा बुटांना लाल चिठ्ठी लागली. नाटकाच्या आदल्या संध्याकाळी पाचवी तपासणी झाली. उजव्या बुटात, पावलाच्या वरच्या उंचवट्यावर, कातडं चांगलंच आवळत होतं. पण 'लागतंय' म्हटलं असतं तर पुन्हा द्वारका, पुन्हा बादली, पुन्हा हरभरे. बुरुजापेक्षा मला त्या क्षणी अण्णांची भीती जास्त वाटली.

"नाही लागत," मी म्हणालो.

"कुठेच?"

"कुठेच नाही. अंगच्या कातड्यासारखा बसलाय."

अण्णांनी बुटावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "खरं सांग, मधू."

"खरं सांगतोय अण्णा."

त्यांनी खिशाच्या तळातून पास मालाची एक हिरवी चिठ्ठी काढली. ती इतकी जुनी होती की घडीवर फाटली होती. तिच्यावर सही करताना त्यांना पेन दोनदा झटकावं लागलं.

नाटक संध्याकाळी साडेसहाला सुरू झालं. निफाडकडून येणाऱ्या वाऱ्यानं मांडवाची कनात नगाऱ्यासारखी वाजत होती आणि अख्खी कॉलनी शाली गुंडाळून बसली होती. दोन हजार माणूस असेल. कॉलनीत घरं साठच होती, पण दोन हजार माणूस असेल. पहिल्या अंकात माझा उजवा पाय दुखला. दुसऱ्या अंकात ठणकला, मग त्याला मुंग्या आल्या. तिसऱ्या अंकाला मी बुरुजावर चढलो तेव्हा दुखायचं थांबलं होतं. मला बरं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की नुसतं दुखायचं थांबलेलं नाही. गुडघ्याखाली काहीच नाही. मी खाली वाकून पाय जागेवर आहे का ते पाहून घेतलं.

"उटरटो," असं माझं वाक्य होतं. ते मी म्हणालो. आता उतरायला हवं होतं.

शिडीवर डावा पाय टाकला, तो पोचल्याचं कळलं. उजवा टाकला. पोचला की नाही, कळेना. पायरीवर आहे की हवेत आहे, हे मला पोटावरून वाकून बघावं लागत होतं. तलवार दातांत धरली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो अभिनय वाटला. मी देवाला नवस बोलत होतो, आणि तलवार दातांत असल्यामुळे तो देवाला नीट ऐकू गेला की नाही अशी आणखी एक भीती. कसाबसा जमिनीला लागलो. शेवटच्या पायरीवरून उजवं पाऊल पडलं ते कडेवर पडलं, घोटा पार मुडपला, असं मागाहून सगळ्यांनी मला सांगितलं. मला पत्ताच नव्हता. मी हसऱ्या चेहऱ्यानं तसाच दोन पावलं चाललो.

पण विंगेत अण्णा उभे होते, आणि त्यांची नजर तोंडावर नव्हती.

आता नाटकाचा मुकुटमणी. किल्लेदाराचं काम करणारा पगारे हा एसटीत कंडक्टर, आवाज मागच्या सीटपर्यंत जाणारा. मी उजवा बूट पुढे करून म्हणालो, "किल्लेडार, माजा बूटला हाट लावा. किल्ला टुमचा." पगारेनं छाती फुगवली आणि मांडव हलवून सोडला: "मरून जाऊ, मिटून जाऊ, पण या मातीतला एकही हात फिरंग्याच्या बुटाला लागणार नाही."

टाळ्यांसाठी तो थांबला. त्या शांततेत विंगेतून माकडटोपी आणि स्वेटर घातलेले वडनेरे अण्णा आले, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी माझा बूट धरला.

हशा त्र्यंबकापर्यंत ऐकू गेला असणार. मागून कुणीतरी "फितूर, फितूर" ओरडलं. भालेराव सर विंगेत बांबूला मिठी मारून डोळे मिटून उभे होते. पगारेनं प्रसंग सावरायला तलवारीवर हात ठेवला. "हो बाजूला, गद्दारा."

"तू तिकिटं फाड," अण्णा मागे न बघता म्हणाले, आणि खिशातून पत्रा कापायची कात्री काढून त्यांनी बूट गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कापला. बारा दिवसांचं काम एका दमात.

आतून माझा पाय निघाला तो सोललेल्या मुळ्यासारखा, पांढराफटक आणि बोटांशी निळसर.

"इथे लागतंय?" अण्णांनी अंगठा दाबला.

"नाही अण्णा."

"इथे?"

"नाही."

"इथे तरी?"

दोन हजार लोकांसमोर ते माझं पाऊल मांडीवर घेऊन तळहातांनी चोळत होते, चोळतच होते, आणि तोंडानं काही पुटपुटत होते. हसणारे एकेक करून गप्प झाले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग टाचेत एक लाल मुंगी चावली. मग हजार.

"लागतंय," मी ओरडलो. "अण्णा, लागतंय, सोडा, आई गं, लागतंय."

अण्णांनी पाय सोडला. तिथेच फळ्यांवर मागे बसले, माकडटोपी डोळ्यांवर ओढून घेतली आणि पडदा पडेपर्यंत तशीच धरून राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कापलेला बूट घेऊन, लंगडत, माफी मागायला गेलो. दार उघडंच होतं. काकू खुर्चीत मेथी निवडत होत्या, पण आज गोधडी बाजूला होती आणि पाय समोरच्या पाटावर. उजव्या पायाला दोन बोटं नव्हती. अण्णा आत हात धूत होते. मी उंबऱ्यातच थबकलो.

"ये रे," काकू म्हणाल्या. "त्यात बघण्यासारखं काही नाही. साखरेच्या दुखण्यानं गेली. दोन वर्षं झाली." मेथीची काडी मोडत, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं. "निफाडला भाचीचं लग्न होतं. यांनी नवी चप्पल आणली, नंबर बघून. सारखे विचारत होते, लागतेय का, लागतेय का. मी म्हटलं, नाही हो. दिवसभर मिरवले. चपलेत चिंचोका होता. संध्याकाळी पाय बघितला तेव्हा कळलं." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी खोटं नव्हते बोलले. मला लागतच नव्हतं. अजूनही दोन्ही पायांना गुडघ्याखाली काही म्हणजे काही कळत नाही. पण रोज एकदा तरी कुठेतरी 'लागतंय' म्हणते. त्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत. तू बोलू नकोस."

अण्णा टॉवेलला हात पुसत आले. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली आणि पाटासमोर मांडी घातली. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात कारखान्यातलं भिंग. बोटांच्या बेचक्या, टाचा, तळवे, विमानाच्या पंखावरची चीर शोधावी तसं ते इंचाइंचानं बघत होते. मी माफीचं वाक्य तयार करून आलो होतो. कापलेला बूट मी हळूच दाराआड ठेवला.

बघून झाल्यावर त्यांनी टॉर्च विझवली आणि एकेका जागेवर बोट ठेवत विचारायला लागले.

"इथे लागतंय?"

"नाही." काकूंचं लक्ष मेथीत.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"हं, तिथे लागतंय जरा."

अण्णांचं बोट पायाला टेकलेलंच नव्हतं. वीतभर वर, हवेत होतं. ते त्यांनी तसंच थोडा वेळ हवेत धरून ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण मी पाहिलंय हे त्यांना कळलं होतं. मग त्यांनी दुसऱ्या हातानं काकूंचं पाऊल खालून उचलून धरलं.

"मग उद्या चप्पल तिथे थोडी सैल करतो," अण्णा म्हणाले.

"करा," काकू म्हणाल्या. "आणि आता पानं घ्या. मधुकरही जेवेल."